दहाचा आकडा: प्रोग्रामची गुंतागुंत मोजण्याचा इतिहास

आज यंत्र बाजूला ठेवू आणि यंत्राला दिलेल्या मजकुराकडे, म्हणजे प्रोग्रामकडे पाहू. तेही एका छोट्याशा आकड्याच्या निमित्तानं.

तुमच्यापैकी जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांनी हा आकडा पाहिलेला असणार. आपण कोड लिहितो, तो तपासणीला टाकतो, आणि तपासणारं टूल लाल खूण करून सांगतं की अमुक फंक्शनची कॉम्प्लेक्सिटी 10 च्या वर गेली आहे, आधी ती कमी करा. मग आपण त्या फंक्शनचे दोन तुकडे करतो, आकडा खाली येतो, खूण हिरवी होते आणि आपण चहाला जातो. पण 10 च का? 9 का नाही, 12 का नाही? हे विचारलं तर बहुतेक ऑफिसांत 'पूर्वीपासून आहे' एवढंच उत्तर मिळतं. आज आपण त्या 'पूर्वी'कडे जाणार आहोत. सॉफ्टवेअरशी संबंध नसलेल्यांनीही बसावं, गणित बेरीज-वजाबाकीच्या पुढे जाणार नाही.

1957 साली आयबीएमची फोरट्रान ही भाषा आली. तिच्यात 'इफ' होता, पण आजच्यासारखा नव्हता. एखाद्या संख्येकडे पाहायचं. ती ऋण असेल तर अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा, शून्य असेल तर तमुक, धन असेल तर तिसऱ्याच ओळीवर. म्हणजे एकेका निर्णयातून तीन उड्या. आणि उडी जिथे पडते त्या ओळीवर ती कुठून आली याचा पत्ता नसायचा. पाठोपाठ कोबोल आली, तिच्यात तर 'आल्टर' नावाची एक अजब सोय होती. दुसरीकडे कुठेतरी लिहिलेल्या 'गो टू'चं ठिकाण प्रोग्राम चालू असतानाच बदलता यायचं. आता विचार करा, तुमच्यासमोर छापील कागद आहे, त्यावर स्पष्ट लिहिलंय की इथून अमुक परिच्छेदाकडे जा, आणि तरीही प्रोग्राम तिकडे जात नाही, कारण चारशे ओळी आधी कुणीतरी ती पाटी फिरवून ठेवली आहे. एसटी स्टँडवर फलक नाशिकचा आणि गाडी निघाली कोल्हापूरला, असा प्रकार.

हे लिहिणारे लोक निष्काळजी होते असं समजू नका. स्मृती महाग होती, यंत्राचा एकेक सेकंद महाग होता, आणि लिहिणारा व वाचणारा बहुधा एकच माणूस असायचा. पण प्रोग्राम माणसांपेक्षा जास्त टिकायला लागले. लिहिणारा दुसऱ्या नोकरीवर गेला, निवृत्त झाला, आणि मागे राहिला तो कागदांचा गठ्ठा. आता तो वाचायचा कुणी?

मार्च 1968 मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या मासिकात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांचं एक पत्र छापून आलं: 'गो टू' विधान घातक आहे, अशा अर्थाच्या मथळ्याचं. गंमत अशी की मथळा त्यांचा नव्हता, तो दिला होता संपादक निकलॉस विर्त यांनी. त्या मथळ्याची पुढे इतकी नक्कल झाली की 'अमुक घातक आहे' या नावाच्या लेखांचा एक प्रकारच तयार झाला. मथळ्याच्या गाजावाजात पत्रातला मुद्दा मात्र थोडा मागे पडला. डाइक्स्ट्रा म्हणत होते ते असं: माणसाला स्थिर गोष्टींमधले संबंध चांगले समजतात, पण काळात उलगडत जाणारी प्रक्रिया डोळ्यासमोर आणणं त्याला जड जातं. म्हणून कागदावर पसरलेला मजकूर आणि यंत्रात घडणारी प्रक्रिया यांच्यातलं अंतर शक्य तितकं कमी ठेवा. वाचता वाचता बोट जिथे असेल, तिथेच प्रोग्रामही असला पाहिजे. म्हणजे हा मुद्दा मुळात वाचणाऱ्याचा होता, यंत्राला उड्यांचा काहीच त्रास नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोनं परिषद भरवली. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला तो तिथून. मोठे प्रकल्प वेळेत होत नाहीत, खर्चात बसत नाहीत, दुरुस्त करावे तर नव्या चुका निघतात, हे सगळं तिथे उघडपणे बोललं गेलं. बोएम आणि याकोपिनी या दोघांनी 1966 मध्येच दाखवून दिलं होतं की क्रमानं जाणं, निवड करणं आणि पुन्हा पुन्हा करणं या तीन रचनांत कोणताही प्रोग्राम बसवता येतो, उड्या लागतच नाहीत. 1974 मध्ये डोनल्ड नूथ यांनी एक लांबलचक आणि फार समंजस लेख लिहून सांगितलं की 'गो टू' कधी कधी योग्यही असतो. वाद दहा वर्षं चालला. त्यात मतं भरपूर होती; मोजमाप कुणाकडेच नव्हतं. माझा प्रोग्राम सुटसुटीत आणि तुझा गुंत्याचा, हे सिद्ध कसं करायचं?

इथे थॉमस मॅकेब येतात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात, फोर्ट मीडच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम करणारे गणिती वळणाचे गृहस्थ. डिसेंबर 1976 मध्ये त्यांचा 'अ कॉम्प्लेक्सिटी मेजर' हा लेख प्रसिद्ध झाला. त्यांची अडचण अगदी व्यवहारातली होती. मोठ्या प्रोग्रामचे तुकडे पाडायचे, पण एक तुकडा केवढा असावा? तेव्हा काही कंपन्यांत सरळ नियम होता, 50 ओळींपेक्षा मोठा नको. मॅकेब म्हणाले, ओळी मोजून काही कळत नाही. 50 ओळींत एकामागून एक 25 'जर-तर' बसतात. प्रत्येकाला होय किंवा नाही अशी दोन उत्तरं. म्हणजे त्या दीड पानातून जाण्याच्या वाटा होतात 3 कोटी 35 लाख 54 हजार 432. ओळींच्या नियमात हे पान सुखरूप पास होतं!

मग मोजायचं काय? त्यांनी प्रोग्रामचा नकाशा काढला. प्रत्येक टप्पा म्हणजे एक बिंदू, एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाण्याची शक्यता म्हणजे एक रेघ. बिंदू आणि रेघांच्या गणिताची परंपरा अठराव्या शतकातल्या ऑयलरपर्यंत जाते, कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं तुम्ही ऐकलं असेल. त्या परंपरेतलंच एक सूत्र मॅकेबनी उचललं: रेघा वजा बिंदू अधिक 2.

आपण आपल्या एसटीच्या तिकिटावर हे करून पाहू. कंडक्टर मनातल्या मनात काय विचारतो? वय 5 च्या आत आहे का, तर तिकीट नाही. 12 च्या आत आहे का, तर अर्धं. 75 पूर्ण झालीत का, तर मोफत. 65 पूर्ण झालीत का, तर अर्धं. महिला आहे का, तर अर्धं. नाहीतर पूर्ण तिकीट. पाच प्रश्न, त्यातून सहा निकाल, आणि शेवटी सगळे एकाच ठिकाणी येतात, पैसे घेण्यापाशी. बिंदू झाले 12. पाच प्रश्नांतून दोन-दोन रेघा म्हणजे 10, सहा निकालांतून शेवटाकडे 6, एकूण 16. आता 16 वजा 12 अधिक 2: उत्तर 6. नकाशा न काढताही हे जमतं, प्रश्न मोजा आणि एक मिळवा.

या 6 चा अर्थ काय, इथे मात्र जरा थांबू, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. अर्थ असा की हा हिशेब नीट तपासायचा असेल तर किमान सहा वेगवेगळे प्रवासी गाडीत चढवून पाहावे लागतील. चार वर्षांचं पोर, दहा वर्षांचा मुलगा, ऐंशीचे आजोबा, सत्तरीचे काका, चाळिशीच्या ताई आणि चाळिशीचे दादा. मॅकेबचा आकडा हा मुळात टेस्टिंगचा आकडा आहे. किती वाटा स्वतंत्रपणे तुडवल्या म्हणजे प्रोग्राम तपासला असं म्हणता येईल, याचं तो उत्तर देतो. वाचणाऱ्याला ते पान किती सोपं जाईल हे तो थेट सांगत नाही. आत वाटा जास्त तर वाचायलाही अवघड, हा अंदाज आहे आणि बऱ्याचदा खरा ठरतो. पण अंदाज आणि मोजमाप यांत फरक असतो.

मॅकेबनी 'फ्लो' नावाचा एक प्रोग्राम लिहून घेतला. तो पीडीपी-10 या यंत्रावर चालायचा आणि फोरट्रानमधल्या प्रोग्रामांचे असे नकाशे काढून आकडा द्यायचा. लेखात त्यांनी एक हकिगत सांगितली आहे, आणि आमच्या मते सगळ्या लेखातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. त्यांना एक टेप मिळाली. तिच्यात एका मोठ्या ग्राफिक्स प्रणालीतले 24 सबरूटीन होते, आणि ही प्रणाली अशी की जिथे भरवसा महत्त्वाचा. आकडे निघाले ते असे: 16, 17, 24, 24, 32, 34, 41, 54, 56, 64. हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्या प्रकल्पातल्या लोकांकडे गेले. लोक म्हणाले, अहो, या टेपवर आम्ही मुद्दाम तेच सबरूटीन घातलेत जे आम्हाला छळतात! मग त्या लोकांनी स्वतःच्या अनुभवावरून कोणता सबरूटीन जास्त बेभरवशाचा अशी क्रमवारी लावली, आणि ती मॅकेबच्या आकड्यांच्या क्रमाशी बरीच जुळली.

यात घडलं काय ते पाहा. आकड्यानं त्या टीमला नवं काहीच सांगितलं नाही. दुखतं कुठे हे त्यांना ठाऊकच होतं. आकड्यानं इतकंच केलं की बाहेरच्या माणसाला, ज्यानं त्यातली एक ओळ वाचली नव्हती त्याला, नेमक्या त्याच जागी आणून उभं केलं. आणि तो माणूस तिथे पोचल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे विचारलं.

आता दहाचा आकडा. मॅकेबनी लिहिलं की आपण वरची मर्यादा 10 धरतो, ती वाजवी वाटते, पण तिच्यात जादू काही नाही. म्हणजे हे त्यांनी स्वतःच पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. प्रोग्रामर 10 च्या पुढे जायला लागला की त्यानं तुकडा मोडावा किंवा नव्यानं लिहावा, असा त्यांचा आग्रह. त्याला त्यांनी एक सूटही दिली होती: एकाच प्रश्नाची बरीच स्वतंत्र उत्तरं असतील, म्हणजे लांबलचक 'केस'ची यादी असेल, तर 10 च्या वर चालेल. समजा बारा महिन्यांची नावं छापायची आहेत. बारा केस, आकडा दहाच्या पलीकडे, पण वाचायला अवघड काय आहे त्यात? चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. डोळा सरळ खाली उतरतो.

पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, पर्ड्यू विद्यापीठातल्या मॉरिस हॅल्स्टेड यांचं 'एलेमेंट्स ऑफ सॉफ्टवेअर सायन्स' हे पुस्तक आलं. त्यांचा मार्ग निराळा. प्रोग्राममध्ये क्रिया किती, पदं किती, वेगवेगळी किती आणि एकूण किती हे मोजायचं, त्यावरून प्रोग्रामचं 'आकारमान' काढायचं, त्यावरून 'श्रम' काढायचे. तिथे थांबले असते तरी ठीक होतं. पण स्ट्राउड नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा एक अंदाज होता की माणसाचं मन सेकंदाला काही ठरावीक मर्यादेतच भेद करू शकतं. हॅल्स्टेडनी त्यातून 18 हा आकडा घेतला, श्रमाला 18 नं भागलं आणि हा प्रोग्राम लिहायला इतके सेकंद लागतील असं उत्तर काढलं. सेकंदात! ज्यांनी कधी सकाळी दहाला सुरू केलेलं पंधरा मिनिटांचं काम रात्री आठला संपवलं आहे त्यांनी यावर काय म्हणायचं ते मनात म्हणावं. नव्या विज्ञानाला भौतिकशास्त्रासारखं दिसायची घाई झाली की असं होतं.

याच काळात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात मेअर लेहमन, लास्लो बेलाडी यांच्या साथीनं, वेगळीच गोष्ट पाहत होते. त्यांनी आयबीएमच्या ओएस/360 या प्रणालीच्या एकामागून एक आवृत्त्या घेतल्या आणि ती कशी वाढत गेली ते तपासलं. त्यांच्या नियमांपैकी एक असा: वापरात असलेला प्रोग्राम बदलत राहतो, आणि बदलताना त्याची गुंतागुंत वाढत जाते, ती कमी करण्यासाठी कुणी मुद्दाम काम केलं नाही तर. शेवटचं अर्धं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. घराला दरवर्षी रंग नाही दिला तरी चालतं, पण गच्चीची गळती पावसाळ्याआधी पाहिली नाही तर काय होतं हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

इथे आपला, म्हणजे मराठी माणसाचाही संबंध येतो. 1980 आणि 90 च्या दशकांत मुंबई-पुण्याच्या कंपन्यांकडे परदेशातून जे काम आलं त्यात नव्या प्रोग्रामइतकंच, किंबहुना कितीतरी ठिकाणी जास्त, काम जुन्या प्रोग्रामच्या देखभालीचं होतं. बँकांचे, विमा कंपन्यांचे कोबोलमधले हिशेब. लिहिणारे सातासमुद्रापार, तेही निवृत्त. वाचणारे सीप्झमध्ये आणि पुण्यात. 2000 साल जवळ आलं तेव्हा तर दोन आकडी वर्ष कुठे कुठे लपलंय ते शोधायला लाखो ओळी वाचाव्या लागल्या, आणि माणसांनी वाचून भागेना म्हणून वाचणारी टूल्स तयार करावी लागली. पुण्यात 1981 मध्ये सुरू झालेलं टाटांचं टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र. कोडचं विश्लेषण हा त्याच्या कामाचा एक मोठा भाग राहिला. 'मेंटेनन्स' हा शब्द आपल्याकडे जरा कमी दर्जाचा समजला गेला, नवीन प्रोजेक्ट मिळालं तर पेढे आणि मेंटेनन्स मिळालं तर सांत्वन. पण परक्यानं लिहिलेला कोड वाचण्याचा जेवढा सराव आपल्या एका पिढीनं केला तेवढा फार थोड्यांनी केला असेल. वाचनीयता म्हणजे काय याबद्दल त्या पिढीला कुणी विचारलं नाही ही खंत आहे.

असो. मॅकेबच्या आकड्याकडे परत येऊ. 1988 मध्ये ब्रिटनमधल्या मार्टिन शेपर्ड यांनी त्यावर सणसणीत टीका केली. त्यांचं म्हणणं, झालेल्या अभ्यासांत हा आकडा बऱ्याच वेळा ओळींच्या संख्येचाच प्रतिनिधी म्हणून वागतो, आणि नुसत्या ओळी मोजून अनेकदा तेवढंच किंवा जास्त कळतं. लांब प्रोग्राममध्ये निर्णय जास्त असणारच. मग एवढा नकाशा काढून मिळवलं काय? टीका रास्त होती, आजही तिचं पूर्ण उत्तर कुणी दिलेलं नाही. तरीही आकडा टिकला. कारण साधं आहे: तो मोजायला सोपा, समजायला सोपा, आणि यंत्राला आपोआप काढता येतो. 1990 च्या दशकात ओमन आणि हेगमायस्टर यांनी हॅल्स्टेडचं आकारमान, मॅकेबचा आकडा आणि ओळी एकत्र करून 'मेंटेनेबिलिटी इंडेक्स' बनवला. त्याचं सूत्र 171 पासून सुरू होतं आणि त्यातून एकेक वजा होत जातं. हा 171 काही प्रणालींवर आणि तिथल्या इंजिनिअरांच्या मतांवर बेतून काढलेला. पुढे तो व्हिज्युअल स्टुडिओत 0 ते 100 मध्ये बसवून हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत दिसू लागला, आणि रंग दिसला की सूत्र विचारायला कोण जातं?

1996 मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं एक पुस्तिका काढली, लेखक वॉटसन आणि स्वतः मॅकेब. वीस वर्षांचा अनुभव तिच्यात होता. तिचं म्हणणं, 10 ला आधार चांगला आहे, पण 15 पर्यंतची मर्यादाही यशस्वी ठरली आहे; मात्र माणसं अनुभवी हवीत, तपासणी शिस्तीची हवी. आणि मग नियम दिला तो दोन पायांचा: प्रत्येक तुकड्याचा आकडा ठरलेल्या मर्यादेत ठेवा, किंवा मर्यादा का ओलांडली ते लेखी सांगा.

टूल्सनी यातला पहिला पाय घेतला. दुसरा बहुतेक ठिकाणी गळाला, कारण लेखी कारण वाचायला माणूस लागतो. आता आकडा ही एक अट झाली. ओलांडली तर कोड पुढे जाणारच नाही. आणि अट आली की पळवाट आलीच. आपलं तिकिटाचंच फंक्शन घ्या. समजा त्यात विद्यार्थी पास, दिव्यांग सवलत, गाडीचा प्रकार वगैरे वाढून आकडा 14 झाला. टूल अडवतं. घाईतला प्रोग्रामर काय करतो? फंक्शन मधोमध कापतो. 'भाडे काढा भाग 1', 'भाडे काढा भाग 2'. पहिल्यातून दुसऱ्यात सात व्हेरिएबल पाठवतो, आणि पहिल्यात काय ठरलं ते सांगायला एक 'झालं का' नावाचा झेंडा. दोन्ही आकडे 8 च्या आत, खुणा हिरव्या, आणि वाचणाऱ्याची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता त्याला दोन पानं उघडी ठेवून झेंडा शोधत बसावं लागतं.

हेच काम दुसऱ्या रीतीनं करता येतं. सवलतींचं एक कोष्टक करायचं: वय कुठून कुठपर्यंत, कोणाला, किती टक्के. फंक्शननं फक्त कोष्टकातली पहिली जुळणारी ओळ शोधायची. आकडा 3 वर येतो. आणि खरा फायदा असा की ते कोष्टक डेपोतला लिपिकही वाचून 'साहेब, ही ओळ चुकली' म्हणू शकतो. 1992 मध्ये विल्यम ओपडाइक यांनी इलिनॉयमध्ये याच विषयावर, म्हणजे वागणूक न बदलता रचना कशी बदलावी यावर, प्रबंध लिहिला. 1999 मध्ये मार्टिन फाउलर यांच्या 'रिफॅक्टरिंग' या पुस्तकानं ती विद्या घरोघरी पोचवली. फाउलरच्या पुस्तकात 'कोडला वास येतो' हा शब्दप्रयोग आहे, केंट बेक यांचा. आकडा नाही, वास. दूध नासलंय का हे आई थर्मामीटर न लावता सांगते, त्यातला प्रकार.

पण यात माणसांचा जीवही गुंतलेला असतो, हे विसरून चालणार नाही. 2007 साली अमेरिकेच्या ओक्लाहोमात एका टोयोटा गाडीचा अपघात झाला. गाडी आपोआप वेगात गेली असं चालवणाऱ्या बाईंचं म्हणणं. त्यांच्यासोबतच्या बाई गेल्या. नासाच्या इंजिनिअरांनी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचा अभ्यास केला होता आणि 2011 च्या अहवालात, असा वेग वाढायला इलेक्ट्रॉनिक कारण असल्याचा पुरावा सापडला नाही असं म्हटलं होतं. 2013 मध्ये या अपघाताचा खटला चालला तेव्हा मायकेल बार या तज्ज्ञांनी सोर्स कोड तपासून साक्ष दिली. त्यांनी सांगितलं, 67 फंक्शन्सचा मॅकेबचा आकडा 50 च्या वर आहे, आणि थ्रॉटल किती उघडायचा हे ठरवणाऱ्या फंक्शनचा तर 100 च्या वर. ज्युरीनं कंपनीच्या विरोधात निर्णय दिला, पुढे तडजोड झाली. अपघात नेमका त्या फंक्शनमुळे झाला असं या आकड्यानं सिद्ध होत नाही, आणि आपणही तसं म्हणू नये. पण 1976 च्या लेखातला आकडा सदतीस वर्षांनी कोर्टात ज्युरीसमोर वाचला गेला, आणि तिथे त्याचा अर्थ मूळचाच होता: इतक्या वाटा आहेत, त्या तुम्ही तपासल्या कधी? त्याच साक्षीत दहा हजारांहून जास्त ग्लोबल व्हेरिएबल्सचाही उल्लेख आला. म्हणजे कुठूनही कुणीही बदलू शकेल अशा जागा. मॅकेबच्या आकड्याला त्या दिसतसुद्धा नाहीत.

त्याला काय काय दिसत नाही याचं आणखी एक उदाहरण पुढच्याच वर्षी मिळालं. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलनं आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती काढली. सुरक्षित जोडणीची सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये 'गो टू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती, एकाखाली एक, सारख्याच अंतरावर. पहिली 'इफ'च्या ताब्यात, दुसरी मोकळी. वाचणाऱ्याला समासावरून वाटतं दोन्ही 'इफ'च्याच. यंत्र मात्र दुसरीवरून दर वेळी उडी मारतं आणि सही तपासण्याची पायरीच चुकते. निर्णय एकही वाढला नाही, त्यामुळे आकडाही वाढला नाही. डाइक्स्ट्रांनी 1968 मध्ये सांगितलेलं अंतर, कागद आणि प्रक्रिया यांच्यामधलं, ते इथे एका ओळीत दिसतं.

मग वाचणाऱ्यालाच का विचारू नये? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या बूझ आणि वायमर यांनी तेच केलं. 120 जणांना कोडचे 100 छोटे तुकडे दाखवले आणि प्रत्येक किती वाचनीय वाटतो याला गुण द्यायला सांगितले. तुकडे छोटे होते आणि वाचणारे विद्यार्थी होते, तेव्हा निष्कर्ष जपून घ्यावेत. पण एक बाब उठून दिसली, एका ओळीत नावांची गर्दी झाली की गुण उतरतात. मॅकेबच्या नकाशात ओळीतली गर्दी नसतेच. पुढे सोनारसोर्स या कंपनीत ॲन कॅम्पबेल यांनी 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' मांडली. तिच्यात 'जर'च्या पोटात 'जर' आला की दंड वाढत जातो, आणि केसची यादी कितीही लांब असली तरी एकच गुण धरतात. आपलं तिकिटाचं फंक्शन सरळ साखळीत लिहिलं तर तिथेही 6 येतात. तेच पाच प्रश्न एकाच्या पोटात एक असे लिहिले तर नुसत्या प्रश्नांचेच 1 अधिक 2 अधिक 3 अधिक 4 अधिक 5, म्हणजे 15. मॅकेबच्या हिशेबात दोन्हीकडे 6 च. आमच्या मते ही सुधारणा खरी आहे. मात्र इथेही कंपनीच्या टूलमध्ये मर्यादा आली, 15, आणि लोकांनी लगेच 15 साठी कापायला सुरुवात केली.

जाता जाता लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीची मार्गदर्शिका उघडून पाहा, मोफत आहे. फंक्शन 24 ओळींच्या एका किंवा दोन पडद्यांत मावावं असं ती सांगते. तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर काम बिघडलंच म्हणून समजा, हेही सांगते. साधी पण लांब केसची यादी चालेल म्हणते. आणि चूक झाल्यावर एकाच ठिकाणाहून नीट बाहेर पडण्यासाठी 'गो टू' वापरायला खुशाल परवानगी देते. तिच्यात मॅकेबचं सूत्र नाही. फंक्शन जितकं गुंत्याचं तितकं ते आखूड हवं, एवढं आहे. आणि किती गुंत्याचं हे ठरवताना तिनं समोर धरलाय तो शाळेतला एक फारसा हुशार नसलेला मुलगा, त्याला हे फंक्शन कळेल का, असं विचारून.

इथे थांबू. समोर दोन हात वर दिसतायत, मागच्या रांगेतल्या काकांपासून सुरुवात करू या.